सकाळची ताटली आणि दिवसभराची भूक

दुपारी पावणेएकच्या सुमाराला सकाळची शाळा सुटते आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत शाळांच्या आसपासच्या वडापाव, सामोसे आणि चायनीज भेळेच्या गाड्यांभोवती पोरांचा गराडा पडतो. डबा नेलेला असतो, तो रिकामाही झालेला असतो, तरी घरी पोचेपर्यंत दम निघत नाही. घरी आल्यावर जेवण, चार वाजता पुन्हा ‘आई, खायला काय आहे?’, क्लासला जाताना वेफर्सचं पाकीट आणि रात्री पानावर बसल्यावर मात्र ‘मला भूक नाहीये’. हे चक्र बहुतेक घरांत ‘वाढीचं वय आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. वाढीच्या वयात भूक जास्त लागणारच. पण ती किती वाजता लागते, किती जोरात लागते आणि कोणत्या पदार्थावर तुटून पडते, हे बऱ्याच अंशी सकाळी घरातून निघण्यापूर्वी पोटात काय गेलं त्यावर ठरतं.

म्हणूनच ‘नाश्ता केलास का?’ एवढं विचारून भागत नाही. नाश्त्यात काय होतं आणि त्याच्या जोडीला काय होतं, हेही पाहायला हवं.

पोटात नेमकं काय घडतं

चहा-खारी, ग्लुकोज बिस्किटं, ब्रेड-जॅम, साखर घातलेल्या दुधातले कॉर्नफ्लेक्स हे सगळे पदार्थ मऊ, बारीक दळलेले किंवा आधीच शिजवून वाळवलेले असतात. पचायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. रक्तातली साखर भरभर वर जाते, ती खाली आणायला स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं आणि दोन-तीन तासांत कित्येकांची साखर मूळ पातळीच्याही खाली उतरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,०७० प्रौढांच्या रक्तशर्करेची सतत नोंद ठेवून २०२१ मध्ये दाखवून दिलं की, न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर अशी जास्त खाली जाते, त्यांना लवकर भूक लागते आणि दिवसभरात ते सरासरी ३००हून अधिक उष्मांक जास्त खातात. साडेसहाला बिस्किटं खाऊन निघालेल्या मुलाचा हा उतार नऊ-साडेनऊच्या तासाला येतो. फळ्याकडे लक्ष नसणं, चिडचिड, शेजाऱ्याच्या डब्यावर डोळा या तक्रारींमागे पुष्कळदा हे साधं कारण असू शकतं.

प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ या वेगाला आवर घालतात. डाळ, कडधान्यं, अंडं, दूध, दही, शेंगदाणे पोटात गेले की जठर सावकाश रिकामं होतं, आतड्यांतून ‘पुरे’ असा निरोप मेंदूकडे नेणारी संप्रेरकं अधिक स्रवतात आणि भूक चाळवणारं घ्रेलिन जास्त वेळ दबून राहतं. घटाघटा पिऊन टाकलेल्या पेल्यापेक्षा चावून खाल्लेल्या घासांनी हा निरोप जास्त ठळकपणे पोचतो.

प्रयोग काय सांगतात

या विषयावर सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या प्रयोगांपैकी एक बॉस्टनमध्ये झाला आणि १९९९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात छापून आला. डॉ. डेव्हिड लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ असलेल्या १२ किशोरवयीन मुलांना तीन वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारचं खाणं दिलं. एकदा झटपट शिजणारे इन्स्टंट ओट्स, एकदा जाडसर कापलेले ओट्स आणि एकदा भाज्या घातलेलं ऑम्लेट व फळं. तिन्ही वेळी उष्मांक सारखेच. तोच पदार्थ सकाळी आणि दुपारी देऊन पुढचे पाच तास मुलांना हवं ते, हवं तेवढं खायची मुभा दिली. इन्स्टंट ओट्सच्या दिवशी मुलांनी ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के आणि जाडसर ओट्सच्या दिवसापेक्षा ५३ टक्के जास्त उष्मांक खाल्ले.

यातला दुसरा आकडा आपल्याकडच्या घरांनी नीट पाहावा. धान्य दोन्ही वेळी एकच होतं, फरक होता तो त्यावरच्या प्रक्रियेचा. उपनगरांतल्या सुपरमार्केटांत ‘मसाला ओट्स’ची पाकिटं आरोग्याच्या रांगेत मांडलेली असतात, पण तीन मिनिटांत शिजणारं धान्य बहुधा लवकर पचतंही. त्या मानाने लापशी रव्याचा उपमा किंवा ज्वारीची भाकरी पोटात जास्त वेळ टिकते.

प्रयोगातली मुलं बाराच होती, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण इतरत्रही असंच दिसलं. ऑक्सफर्डमध्ये ९ ते १२ वर्षांच्या ३७ मुलांना साखर हळूहळू वाढवणारी न्याहारी दिली, तेव्हा ती दुपारच्या जेवणाला कमी जेवली. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात हेदर लीडी यांनी सहसा नाश्ता न करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या १८ ते २० वर्षांच्या २० मुलींवर प्रयोग केला. ३५० उष्मांकांचाच नाश्ता, पण एकात १३ ग्रॅम प्रथिनं आणि दुसऱ्यात ३५ ग्रॅम. दोन्ही नाश्त्यांनी पोट भरल्यासारखं वाटलं, मात्र संध्याकाळचं तेलकट-तुपकट चरणं कमी झालं ते फक्त प्रथिनं जास्त असलेल्या नाश्त्याने. सकाळच्या ताटलीचा परिणाम रात्रीपर्यंत पोचतो, तो असा.

नाश्ता केला की वजन उतरतं, असं मात्र यावरून म्हणता येत नाही. प्रौढांवर झालेल्या १३ चाचण्यांचा आढावा २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, त्यात वजन कमी करण्याचा उपाय म्हणून नाश्त्याला आधार मिळाला नाही. मुलांच्या बाबतीत उद्देशच वेगळा आहे. मधल्या तासांत भूक कह्यात राहावी आणि वाढीला लागणारी प्रथिनं, लोह, कॅल्शियम दिवसभरात विभागून मिळावीत, यासाठी हा खटाटोप.

पोहे सोडायचे नाहीत

हे सगळं वाचून पोहे, उपमा, इडली हद्दपार करायची गरज नाही. गरज आहे ती त्यांना जोड देण्याची.

पोह्यांचंच पाहू. बारा वर्षांच्या मुलाच्या ताटलीत साधारण ५० ग्रॅम कोरडे पोहे असतात. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम आणि १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना ४३ ते ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याचा तिसरा हिस्सा सकाळी मिळावा असं धरलं, तर नुसते पोहे फार मागे पडतात. आता त्याच पोह्यांत फोडणीपुरते आठ-दहा दाणे न टाकता लहान मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे घातले की ५ ग्रॅम प्रथिनं वाढली. वाफवलेली मोड आलेली मटकी किंवा मूग अर्धी वाटी घातले की आणखी ३-४ ग्रॅम. सोबत पेलाभर बिनसाखरेचं दूध घेतलं की ६ ग्रॅम. बेरीज १७-१८ ग्रॅमच्या घरात जाते. चव पोह्यांचीच राहते, वेळही फारसा वाढत नाही, कारण मटकी आदल्या रात्री वाफवून फ्रीजमध्ये ठेवता येते. वरून लिंबू पिळायला विसरू नये. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतलं लोह अधिक शोषलं जातं.

हाच हिशेब बाकीच्या पदार्थांनाही लागू पडतो. उपम्यात मटार, गाजर आणि भाजलेली चणाडाळ. इडल्या दोनच, पण सांबार वाटीभर आणि चटणीत डाळं. चपाती-भाजीच्या गुंडाळीत पनीर किंवा अंड्याची बुर्जी. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली, तेव्हा तिथल्या यादीतही उपम्याबरोबर भाज्या घातलेलं सांबार आवर्जून ठेवलं.

उपनगरांतल्या घरांना यासाठी बाहेरून काही शिकायची गरजही नाही, कारण साऱ्या परंपरा एकेका मजल्यावर शेजारी-शेजारी नांदतात. मराठी घरातल्या भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभरा आणि उडीद असतातच. तिचं थालीपीठ दह्याबरोबर दिलं की पूर्ण नाश्ता झाला. मालवणी घरातली घावनं काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर जास्त वेळ टिकतात. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतला मुगाचा पुडला, हांडवो आणि दह्याबरोबरचे मेथीचे ठेपले अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी उत्तम. वेसाव्याच्या कोळीवाड्यात रात्रीचं मासळीचं कालवण सकाळी तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्लं जातं, त्यात कमीपणा मानण्याचं काहीच कारण नाही. उलट बिस्किटांच्या पुड्यापेक्षा ते कैक पटींनी सरस आहे.

अंडं चालत असेल तर ते सगळ्यांत सोपं. एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. त्यामुळे हा भार पुन्हा घरावरच आला आहे.

डब्यावरची बारीक अक्षरं

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना कित्येक वर्षं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हटलं गेलं. २०२३ मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरून समाजमाध्यमांवर वादळ उठलं, त्यानंतर कंपनीने १०० ग्रॅममागे घातलेल्या साखरेचं प्रमाण ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या गटाचं नावही कंपनीने बदललं.

पेल्याचा हिशेब असा: २० ग्रॅम पावडरीतून सहा-सात ग्रॅम साखर, वर घरची दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम. जोडीला चार-पाच ग्लुकोज बिस्किटं. त्यांच्या १०० ग्रॅममध्ये साखर साधारण २५ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे दिवसभरात २० ग्रॅमच्या आसपास. शाळेची घंटा होण्यापूर्वीच तो कोटा जवळजवळ संपलेला असतो. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले ते याच काळजीतून.

गोड कमी केलं तर मूल खाणारच नाही, ही भीतीही तपासून पाहिली गेली आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ ते १२ वर्षांच्या ९१ मुलांच्या गटात काहींना साखरेने माखलेली सीरियल दिली, काहींना कमी साखरेची. दोन्ही गटांना आपापलं खाणं आवडलं. भरपूर साखरेच्या गटाने सीरियल जवळपास दुप्पट खाल्ली. कमी साखरेच्या गटातल्या मुलांनी मात्र बाऊलमध्ये फळं जास्त घालून घेतली. यावरून घरी एक गोष्ट सहज करता येते. साखर एकदम बंद न करता दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करायची आणि गोडीसाठी केळं, चिकू किंवा दोन खजूर द्यायचे.

‘सकाळी भूकच लागत नाही’

ही तक्रार खोटी नसते. उपनगरांतले बरेच आईवडील लोकलने साडेआठ-नऊला घरी पोचतात, क्लासवरून मूल साडेआठला येतं, जेवायला दहा वाजतात, झोपायला साडेअकरा-बारा. सकाळी सहाला उठवलेल्या पोटात तेव्हा रात्रीचं जेवण पुरतं जिरलेलंही नसतं. शिवाय किशोरवयात शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं. या मुलांना उशिरा झोप येते, उशिरा जाग येते आणि उशिरा भूक लागते. अपुऱ्या झोपेचा भुकेवर थेट परिणाम होतो. शिकागोत २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि ‘पोट भरलंय’ हे सांगणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. गोड-खारट खाण्याची ओढही वाढली.

महाराष्ट्र सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा आदेश काढला तो मुलांच्या झोपेचाच विचार करून. पाचवीपासून पुढच्या मुलांना मात्र तो लागू नाही आणि त्यांची सकाळची शाळा बहुतेक ठिकाणी सातच्या सुमारालाच भरते. अशा मुलांना साडेसहाला बळेबळे भरवण्यात अर्थ नाही. नाश्त्याचे दोन भाग करावेत.

पहिला भाग घरी, तोही चार घासांचा: उकडलेलं अंडं, किंवा केळं आणि मूठभर शेंगदाणे, किंवा पेलाभर दूध आणि शेंगदाण्याचा लाडू. दुसरा भाग लहान सुट्टीच्या डब्यात, आणि हा खरा नाश्ता: थालीपीठ, पुडला, मटकी घातलेले पोहे, पनीर-चपाती. लहान सुट्टीला बिस्किटं आणि मोठ्या सुट्टीला पोळी-भाजी ही घडी उलटी केली तरी चालेल. मुंबईच्या दमट हवेत बंद डब्यात दही आणि कच्ची मोडाची कडधान्यं लवकर आंबतात. म्हणून कडधान्यं वाफवून, पदार्थ थोडा निववून आणि कोरडाच भरावा. रात्रीचं जेवण अर्धा-पाऊण तास जरी अलीकडे आणलं, तरी सकाळच्या भुकेत आठ-दहा दिवसांत फरक जाणवतो.

दुपारच्या शाळेचं गणित निराळं. नऊला भरपेट नाश्ता आणि साडेअकराला घाईचं जेवण, यात जेवण उष्टं राहतं आणि पाचच्या सुमाराला मूल कासावीस होतं. अशा घरांत नाश्ता आठच्या आत, हलका आणि प्रथिनांचा ठेवावा, म्हणजे साडेअकराचं जेवण नीट जातं.

मुलींकडे जरा जास्त लक्ष

बारा-तेराव्या वर्षापासून अनेक मुली वजनाच्या धास्तीने सकाळी फक्त चहा घेतात. त्यातून वजन हाती येत नाही, संध्याकाळची खा-खा मात्र वाढते. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे त्याच वेळी खाल्लेल्या अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. २०१६ ते १८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या किशोरवयीनांपैकी २८ टक्के रक्तक्षयी आढळले, आणि पाळी सुरू झालेल्या मुलींना हा धोका मुलांहून बराच जास्त असतो. चहा हवाच असेल तर नाश्त्यानंतर तासाभराने. न्याहारीत आठवड्यातून दोन-तीनदा अळीव, तीळ, चवळी किंवा हरभरे, जोडीला लिंबू, पेरू किंवा आवळा. घरात मुलीच्या अंगकाठीवरून शेरे मारणं बंद झालं, तर ती पानावर बसण्याची शक्यता वाढते, हेही तितकंच महत्त्वाचं.

सुरुवात कशी करावी

सगळं एका सोमवारी बदलायला गेलं की बुधवारी बंड होतं. पहिल्या आठवड्यात नेहमीचाच नाश्ता ठेवून त्यात एक प्रथिनाचा पदार्थ वाढवावा. दुसऱ्या आठवड्यात पेयातली साखर कमी करायला घ्यावी. तिसऱ्या आठवड्यात बिस्किटं-खारीचे दिवस आठवड्यातून दोनवर आणावेत. मोठ्या मुलांना रविवारी स्वतः मूग वाटून पुडला घालू द्यावा, म्हणजे आठवड्यात तो डब्यात दिसला तर कुरकुर कमी होते. गाडीवरचा वडापाव बंद करायचा नाही, महिन्यातून दोन-तीनदा मित्रांबरोबर खुशाल खावा. रोज तो खावासा वाटू नये, यासाठी सकाळची ताटली आहे.

या काळात एका वहीत चार गोष्टी टिपाव्यात: सकाळी काय खाल्लं, पहिली भूक कधी लागली, शाळेतून आल्यावर काय खाल्लं, रात्री किती वाजता झोप लागली. दोन आठवड्यांत मुलाची स्वतःची चाल कळते. ती शेजारच्या मुलासारखी असेलच असं नाही.

काही खुणा मात्र नाश्त्यावर सोपवून चालणार नाही. भूक आणि तहान अचानक वाढली, लघवीला वारंवार जावं लागतं आणि तरी वजन घटतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासावी, कारण लहान वयातला मधुमेह असाच सुरू होतो. मानेच्या मागे काळपट, मखमली पट्टा दिसणं हे इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याचं लक्षण असू शकतं. सतत थकवा, फिकट डोळे, मुद्दाम उपाशी राहणं, चोरून भरमसाट खाणं किंवा खाल्ल्यावर उलटी काढणं याही गोष्टी लपवू नयेत. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना ती वही आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी बरोबर न्याव्यात. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ मध्ये सुधारलेल्या ५ ते १८ वर्षांसाठीच्या वाढीच्या तक्त्यावर त्या मांडल्या की मुलाची भूक वाढीची आहे की आणखी कशाची, हे ठरवायला डॉक्टरांना मोठी मदत होते.